मदत हवी आहे: वाफेचा रेडिएटर पहाटे घणासारखा वाजतो (न्यूयॉर्क)

नमस्कार मंडळी,
क्वीन्समध्ये चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारत जुनी, तळघरात बॉयलर, खोल्यांत वाफेने तापणारे बिडाचे रेडिएटर, प्रत्येकाला एकच पाइप. गेले दोन आठवडे पहाटे वाफ चढली की आईच्या खोलीतला रेडिएटर घण घातल्यासारखा वाजतो. सात-आठ ठोके, मग पलीकडच्या टोकाच्या व्हेंटमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपेतून) गरम पाणी उडतं. खालची लाकडी जमीन काळी पडलीय. आई सांगलीहून महिन्यापूर्वीच आली आहे. ती दचकून उठते आणि सकाळपर्यंत जागीच राहते. मला तिचीच काळजी जास्त आहे.

खोली फार तापते म्हणून मी रेडिएटरचा पाइपजवळचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला होता. त्याचा संबंध असेल का? सुपरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) दोनदा सांगितलं, तो म्हणतो जुन्या इमारतीत असंच चालतं.

प्रतिसाद:
दादा, आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. एका पाइपच्या पद्धतीत वाफ वर येते त्याच वाटेने तिचं झालेलं पाणी खाली जातं. अर्धा व्हॉल्व्ह ती वाट अडवतो. पाणी आत साचतं, वाफ ते उचलून लोखंडावर आपटते. तोच ठोका. हा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद.

मग रेडिएटर गार असताना वर पाणसळ ठेवा. उतार व्हॉल्व्हकडेच हवा. जुन्या जमिनी खचतात आणि उतार फिरतो. तसं असेल तर व्हेंटकडच्या पायांखाली पातळ पट्टी सरकवा, पण थोडीच, पाइपच्या जोडावर ताण येता कामा नये. उष्णता कमी करायची तर व्हेंटच्या बाजूला बसणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघड-बंद होणारा) मिळतो.

हे करूनही थांबलं नाही तर घरमालकाला लेखी कळवा, दाद नाही दिली तर 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकाला, फोन करा. आईंची खोली मात्र गार पडू देऊ नका. 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात रात्री 10 ते सकाळी 6 घरात किमान 62 अंश फॅरेनहाइट ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! पाणसळीचा बुडबुडा व्हॉल्व्हकडे गेला, म्हणजे तीच बाजू उंच होती. पट्टी घातली, व्हॉल्व्ह उघडला. आज पहाटे एकच ठोका आला, आई झोपलेलीच होती. व्हेंट मात्र अजून पाणी टाकतो. तो मी बदलू शकतो, की सुपरकडूनच बदलून घेऊ?