धागा: टर्मिनलमधले जुने एस्केप कोड आता तरी बंद करा

कळफलक:
डेक या संगणक कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, १९७८ चं. यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण त्याची एस्केप कोडची पद्धत (कळा आणि पडद्यावरच्या सूचना २७ ने सुरू होणाऱ्या बाइटच्या ओळीत पाठवायच्या) आजही प्रत्येक टर्मिनल विंडोत, म्हणजे मजकुरी आज्ञा द्यायच्या खिडकीत, ठाण मांडून आहे. टॅब दाबा नाहीतर कंट्रोल-आय, प्रोग्रामला बाइट एकच मिळतो: ९. एंटर आणि कंट्रोल-एम, दोन्ही १३. एस्केप म्हणजे २७, आणि बाणांच्या कळाही २७ नेच सुरू होतात. म्हणून २७ आला की मागून काही येतंय का, याची वाट बघायची. टर्मिनलवरचे प्रोग्राम वापरतात ती एनकर्सेस लायब्ररी मुळात १००० मिलिसेकंद थांबते. किटी नावाच्या टर्मिनलने आणलेल्या नव्या कीबोर्ड प्रोटोकॉलमध्ये कंट्रोल-आयला स्वतःचा कोड आहे. तोच सक्तीचा करावा.

सिरीयल_केबल:
असहमत. चांगली पद्धत विंडोजकडे होतीच. त्याचा कन्सोल एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट बोलावायची फंक्शन्स, कळ दाबली, कळ सोडली, असं सगळं वेगवेगळं सांगतो. तरीही मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या कन्सोलमध्ये व्हीटी१०० च्या धर्तीचे हेच एस्केप कोड आणले. कारण उघड आहे: एसएसएचने दूरच्या संगणकावर काम करताना फंक्शन कॉल पलीकडे जात नाही, बाइट जातात. राउटर नेटवर्कवरून गायब झाला की कन्सोल केबल लावायची. वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, एवढी ठरलेली सेटिंग टाकली की झालं काम सुरू. त्या जुन्या राउटरमध्ये तुमचा नवा प्रोटोकॉल घालणार कोण? थांबण्याचा त्रास होत असेल तर टीमक्समध्ये (एका विंडोत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) एस्केप-टाइम, म्हणजे २७ नंतर थांबायची वेळ, १० मिलिसेकंद करा. जुन्या आवृत्त्यांत तो ५०० असतो.

कळफलक:
संथ लाइनवर १० ठेवून बघा. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये वरचा बाण २७, ७९, ६५ असा येतो. २७ सुटा पडून पुढचे दोन उशिरा पोचले की मजकूर लिहायचा इन्सर्ट मोड सुटतो, ७९ म्हणजे मोठा ओ, ती आता आज्ञा ठरते, त्याने वर कोरी ओळ उघडते आणि तिच्यात ६५ चा ए उमटतो. चालू सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये हे झालं तर? टायमर लावून कळ ओळखण्याला मी प्रोटोकॉल म्हणणार नाही.

जोडाक्षर:
घोळ कळांपुरता नाही. 'क्षि' पडद्यावर अक्षरांचे किती खाने घेणार, हे प्रोग्राम आपल्या तक्त्यावरून ठरवतो, टर्मिनल आपल्या. वेलांटीला कुणी १ खाना देतं, कुणी ०. मेळ बसला नाही की कर्सर भलतीकडे. काही टर्मिनलमधला मोड २०२७ चालू केला की टर्मिनल जोडाक्षर एकत्र मोजतं, पण तो सगळीकडे नाही.

सिरीयल_केबल:
आणि तो मोड चालू होतो एस्केप कोडनेच! किटीचंही तेच. प्रोग्रामने आधी किटीची चौकशी पाठवायची, लगेच मागून 'तू कोणतं टर्मिनल' ही जुनी चौकशी. फक्त दुसरीचं उत्तर आलं तर टर्मिनलला किटी कळत नाही असं समजून जुन्या पद्धतीने चालायचं. जे प्रोग्राम हे विचारतच नाहीत, त्यांच्याकडे बग नोंदवा. बंदी कशाला?