तिसरं वर्ष भूशास्त्र: भूजलातच काम करायचं ठरतंय, पुढची वाट कशी धरू?

माणची_लेक

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला आहे, गाव माण तालुक्यात. भूशास्त्र आवडीनं घेतलं नव्हतं. तिथं जागा होती, होस्टेलची सोय होती, म्हणून घेतलं. दोन वर्षं खनिजांची नावं आणि स्फटिकांचे कोन पाठ केले, पेपर दिले. यंदा सरांनी प्रकल्पासाठी एका गावात विहिरींच्या नोंदी घ्यायला नेलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही.

एका बांधाच्या दोन्ही अंगांना दोन विहिरी. अलीकडची सात परस खोल, तळाला नुसता चिखल. पलीकडची पाच परस, आणि तिच्यावर मोटर चालू. अलीकडच्या विहिरीच्या मावशींनी पाणाड्या आणला होता. तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला तिथं बोअर मारलं, नुसता धुरळा उडाला. मला म्हणाल्या, "पोरी, तू दगडाचंच शिकतीस ना? मग सांग, माझं पाणी कुठं गेलं?"

सर काही बोलले नाहीत, मलाच बघायला लावलं. पलीकडच्या विहिरीत वरून खाली माती, मुरूम, मग बारीक भोकाभोकांचा झिजलेला खडक, त्यात पांढरे झिओलाइटचे खडे, आणि त्याखाली अखंड काळा कातळ. भोकांचा खडक संपून कातळ सुरू होतो त्या रेषेवरून पाणी पाझरत होतं, दगड ओला चकाकत होता. अलीकडच्या विहिरीत तोच भोकांचा थर जेमतेम हातभर. दगड उपसायला यारी लावून, कर्ज काढून जी खोली वाढवली होती ती सगळी कातळात. बेसाल्टचे, म्हणजे आपल्याकडच्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, थर लांबून सरळ आडवे दिसतात, पण त्यांची जाडी एका शेताच्या अंतरात बदलते, हे पुस्तकात वाचलं होतं. तिथं डोळ्यांनी बघितलं.

मावशींना सांगितलं, की कातळात पाणी साठायला जागाच नाही, अजून खाली जाऊ नका. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हे खोदायच्या आधी सांगायला कोण का नाही आलं?"

मला ते आधी सांगणारं माणूस व्हायचंय. घरी आण्णा म्हणतात, पुण्याला जाऊन एमपीएससीचा क्लास लाव. मामा म्हणतात, बी.एड. कर. दोघंही माझ्या भल्याचंच बोलतात, पण या कामात पोट भरतं का, हे मला त्यांना नीट सांगता येत नाही. एम.एस्सी. करावी का? परीक्षा कुठल्या द्याव्यात? आणि मुलगी म्हणून गावोगाव फिरणं जमतं का? पदवी हातात यायच्या आत ठरवायचं आहे.

कातळपाणी

मी मराठवाड्यात एका संस्थेत भूजलाचं काम करते, म्हणून तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. जमतं. गावात बाया पाण्याबद्दल माझ्याशी जेवढं मोकळं बोलतात तेवढं माझ्या पुरुष सहकाऱ्यांशी बोलत नाहीत. कुठल्या महिन्यात हंडा किती लांबून आणावा लागतो, हे त्यांनाच ठाऊक असतं आणि तीही माहितीच आहे. एकटीनं मात्र जाऊ नकोस. जोडीला कुणीतरी हवं, आणि सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना आधी फोन करून ठेवायचा.

आता एक गणित देते, ते आण्णांनाही दाखव. झिजलेल्या, भोकांच्या बेसाल्टमधून प्रत्यक्ष हाती लागणारं पाणी हिशेबाला खडकाच्या घनफळाच्या साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर रानाखालची पातळी एक मीटर उतरली, तर 10,000 चौरस मीटर गुणिले 1 मीटर गुणिले 0.02, म्हणजे 200 घनमीटर. दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. अखंड कातळात तर याच्या कितीतरी कमी. तुझ्या मावशींनी ज्या खडकात पैसा घातला तो हा. हे गणित पेरणीच्या आधी गावापुढं मांडता आलं की उसाऐवजी ज्वारी-हरभऱ्याची चर्चा आपोआप सुरू होते. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतीच्या पातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता आणि ती योजना ज्या सात राज्यांत होती त्यांत महाराष्ट्र होता. असा ताळेबंद मांडायला खडक वाचता येणारं माणूस लागतं.

पगाराचं सरळ सांगते: संस्थेत सुरुवातीला बेताचाच असतो, आणि प्रकल्प संपला की पुढचा मिळेपर्यंत धाकधूक असते. घरच्यांपासून हे लपवू नकोस.

निवृत्त भूवैज्ञानिक

मुली, तुझे आण्णा म्हणतात ती वाट आणि तुझी वाट पुढे एका ठिकाणी मिळतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, 1972 पासून हेच काम करते आणि तिथली भूवैज्ञानिकांची काही पदे लोकसेवा आयोगामार्फतच भरली जातात. जाहिरातीची मात्र वाट पाहावी लागते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून वर्षे घालवू नकोस.

केंद्रात यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी स्वतंत्र परीक्षा असते. तीतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ या दोन्हींत जाता येते. तिला भूशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून एम.एस्सी.ला पर्याय नाही. त्यासाठी जॅमचा, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांतील एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, भूशास्त्राचा पेपर दे. तो फेब्रुवारीत होतो आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चालतो, अर्ज मात्र पावसाळ्याच्या अखेरीस भरावा लागतो. यंदाची मुदत गेली असेल तर पुण्याच्या विद्यापीठातील भूशास्त्र विभागाची प्रवेशप्रक्रिया पाहा.

बी.एड.विषयी माझे मत: ते नंतरही करता येते. खडकावरची नजर मात्र आत्ताच, फिरत्या वयात तयार होते.

माणची_लेक

सर, ताई, दोघांचेही खूप आभार. आण्णांना वीस टँकरचा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी पहिलं विचारलं, "आपल्या विहिरीचा काढ की." आणि जीएसडीएतली पदं आयोगाकडून भरतात हे ऐकल्यावर क्लासचा विषय थोडा मागं पडला. एम.एस्सी.चं पक्कं करतेय, जॅमचं पुढच्या वर्षी बघेन.

तोवर आमच्या गावच्या विहिरींची पातळी मोजायला सुरुवात करू का? कशानं मोजायची, किती विहिरी घ्यायच्या?

कातळपाणी

कर की. ओढ्याकाठची, मधल्या रानातली आणि माळावरची, अशा तिन्ही जागच्या विहिरी येऊ देत. पाच-सहा पुष्कळ झाल्या. फायबरची मोजपट्टी घे, टोकाला वजन बांध. मोजायच्या आधी काही तास मोटर बंद हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. कठड्यावर रंगानं एक खूण कर आणि दर वेळी तिथूनच मोज. जमिनीपासून कठडा किती उंच आहे तेही लिहून ठेव, नंतर वजा करावं लागतं. जीएसडीए जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तूही तेच महिने धर म्हणजे त्यांच्या निरीक्षण विहिरींशी ताडून बघता येईल. मार्चचे आकडे आले की इथंच टाक, आपण मिळून बघू.