८ वर्षांच्या मुलीसाठी पहिली गिटार कोणती घेऊ?

लेक रोज गिटारसाठी मागे लागलीय. दुकानदार म्हणतो मोठीच घ्या, परत खर्च नको. आम्हा दोघांनाही वाद्यातलं काही कळत नाही, काय करू?

उत्तर १: ताई, मोठी अजिबात नका घेऊ! या वयाला ३/४ साइज (म्हणजे मोठीपेक्षा लहान, मुलांच्या मापाची), लांबी साधारण ३६ इंच. मोठीत पहिल्या फ्रेटपर्यंत (दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यातली टोकाची) हात नीट पोचत नाही, खांदा वर जातो आणि मग पोर कंटाळतं. नायलॉनच्या तारांचीच घ्या, आम्ही मुलाला स्टीलची दिली, बोटं इतकी दुखायची की दोन आठवड्यांत गिटार कपाटावर गेली, अजून वाईट वाटतं.

उत्तर २: यामाहाची सीएस४० बघा, नायलॉनची, ३/४ च आहे. पण मुलीला सोबत न्या, मांडीवर घेऊन बसू दे, तारा फ्रेटबोर्डपासून (दांड्याचा बोटं दाबायचा भाग) फार उंच नकोत. आणि हो, नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीच लावू नका, ताण जास्त असतो, ब्रिज (तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी) उखडतो.

उत्तर ३: क्लिपवाला ट्यूनर (गिटारला चिमट्यासारखा लावायचा, तार सुरात आहे का ते दाखवतो) पण घ्या. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीला सारख्या उतरतात, रोज सुरात लावाव्या लागतात, गिटार खराब निघाली असं समजू नका.

खूप आभार सगळ्यांचे! शनिवारी तिलाच घेऊन जाते.