मिनीबस = शेंदूर + साठी?

पंचवटीकर:
काल नाशिकच्या सीबीएस स्टँडवर निमाणी स्टँडच्या गाडीची वाट बघत होतो, समोर वऱ्हाडाची मिनीबस, भाच्याने विचारलं मामा मिनीबस म्हणजे काय, म्हटलं छोटी बस, आणि घरी येऊन शोधत बसलो. तर बस हे नुसतं शेपूट आहे! लॅटिन ऑम्निस म्हणजे सर्व, ऑम्निबस म्हणजे सर्वांसाठी. 1820 च्या दशकात फ्रान्सच्या नांत शहरात भाड्याच्या घोडागाडीला ते नाव पडलं, पुढे इंग्रजांनी 'सर्वां' फेकलं आणि 'साठी' ठेवलं. मिनी तर अजून भारी. ते मिनिएचरचं तोडकं रूप, आणि मिनिएचर आलं मिनियमवरून, म्हणजे आपला शेंदूर! पोथ्यांमधली अक्षरं त्याने रंगवायचे, मग पोथीतल्या चित्रांना ते नाव पडलं, चित्रं असायची लहान. शाळेत हे असं शिकवा ना राव, स्पेलिंगं घोकत बसण्यापेक्षा.

द्राक्षबागवाला:
काहीही. मिनी म्हणजे मिनिमम, विषय संपला. एकोणिसाव्या शतकात लंडनला घोड्याच्या छोट्या गाडीला मिनीबस म्हणायचे, तिथे कुठला आलाय शेंदूर? अर्थ वापरणारा ठरवतो, वऱ्हाडात कुणालाही विचारा.

पंचवटीकर:
ती घोड्याची गाडी तुमची, दिली. पण 1950 नंतर जे सगळ्याला मिनी लागत सुटलं ते मिनिएचरवरूनच. मिनिममशी आवाज जुळला म्हणून 'लहान' हा अर्थ पक्का झाला, एवढं मान्य. 2022 ला वणीच्या गडावर देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढले तेव्हा आत केवढं कोरीव काम निघालं, शब्दाचंही तसंच असतं.

द्राक्षबागवाला:
आमची आजी हात जोडते तेव्हा तिच्या डोळ्यासमोर अजून शेंदराचंच रूप येतं. मी आजीच्या पार्टीत.

गंगेवरचा:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. ते -बस म्हणजे आपलं संस्कृतातलं 'ना, साठी' अर्थाचं -भ्यः आहे, गुरुभ्यो नमः (गुरूंना नमस्कार) मधलं! म्हणजे लॅटिन संस्कृतातूनच निघालं.

पंचवटीकर:
भ्यः आणि बस एकाच घरचे, हे बरोबर. पण ते चुलतभाऊ आहेत हो, बापलेक नाही. विल्यम जोन्स या इंग्रज भाषापंडिताने 1786 सालीच कलकत्त्यात सांगितलं होतं की या भाषांचं मूळ एकच, आणि ते कदाचित आता उरलेलंही नसेल.

गंगेवरचा:
इंग्रजाचं ऐकायचं का आता?

द्राक्षबागवाला:
बरं मग उद्या निमाणीला कंडक्टरला विचारतो, दादा हा भ्यः नाशिकरोडला जातो का.