भाचीने 'मी आगरी, मी काळी' म्हणायचं की गप्प बसून क्रीम विकायचं?

खाडीवाला (धागाकर्ता):
घरात चार दिवस वाद चाललाय. म्हटलं इथे टाकतो, इथे निदान कोणी जेवणाचं ताट सरकवून उठत नाही.

माझी भाची इन्स्टा आणि यूट्यूबवर व्हिडिओ बनवते. आम्ही ऐरोली-घणसोली पट्ट्यातले गाववाले, आगरी. आधी ती कालवण, जवला, हळदीतले नाच असलं टाकायची. सगळे खूश. गेल्या वर्षी घरच्याच हळदीला तिने एक रील केलं. नवरी म्हणजे माझी पुतणी, सावळी. वहिनीने मेकअपवालीला बजावलं होतं, "दोन शेड वर घे." तिने घेतलं. भाचीने आधी नवरीचा चेहरा दाखवला, मग कॅमेरा सावकाश खाली आणला. मान, गळ्यातलं सोनं, आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. चेहरा पिठासारखा, हात आमच्या घरातले. मागे बांगड्यांचा आवाज तेवढा. शेवटी एकच वाक्य: "हात माजे बहिनीचे हान. तोंड कोनाचा, मना म्हाईत नाय."

ते रील चाललं. मग तिने 'गारी' आणि 'पानी'वर केलं, म्हणजे शाळेत बाई तिला पुन्हा पुन्हा 'गाडी' म्हणायला लावायच्या आणि वर्ग हसायचा ते. मग रंगावर, गावठाणावर, आम्हाला 'लोकल' म्हणतात त्यावर.

आता एका क्रीमवाल्या कंपनीने विचारलंय. पैसे माझ्या तीन पगारांएवढे. अट अशी की रंगाचे जुने व्हिडिओ काढायचे आणि पुढे 'हलकंफुलकं' ठेवायचं. वहिनी म्हणते घे. भाची नाही म्हणते. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं?

पाचपाखाडी_जुना:
काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलीत गुण असतील तर जातीचा टेकू कशाला? आम्ही शाळेत कधी कुणाची जात विचारली नाही, सोसायटीत विचारत नाही. रंग, जात, बोली रोज उगाळत बसलं की नसलेलंही दिसायला लागतं. आणि आगरी लोकांवर अन्याय? अंगावर अर्धा किलो सोनं, तीन मजली बंगले, हळदीला रस्ता अडवून डीजे! (हलके घ्या.) पैसे घ्यावेत, पुढे शिकावं.

कळवा_स्लो:
घोडबंदर रोडला भाड्याने घर बघत होतो तेव्हाची गोष्ट. एजंटने फोनवर विचारलं, फॅमिली का, नॉनव्हेज खाता का, आडनाव काय. आडनाव सांगितलं. "नाही, ते कळलं, पण तुम्ही म्हणजे कुठले?" ठाण्याचे. "तसं नाही, मूळचे कुठले?" असं चार वेळा 'कुठले' झाल्यावर मी "कळव्याचे" म्हणून फोन ठेवला. जात त्याने विचारली नाही हे मात्र खरं.

खाडीवाला:
@पाचपाखाडी_जुना, सोनं दिसतं सगळ्यांना, ठीक आहे, लपवायला घातलेलं नसतंच ते. पण ते आलं कुठून? नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन गेली. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची गोष्ट पुढे आली. आमचा भात होता तिथे आता सेक्टर आहे. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डरने इमारत उभी केली, त्यातलं हे सोनं. म्हणजे शेत गळ्यात घालून फिरतो म्हणा. डीजेचं मान्य. डीजेचा मलाही त्रास होतो.

पामबीच_सिंगल:
सोनं बाजूला ठेवा. मी स्वतः एक छोटं चॅनल चालवतो, ट्रेकिंगचं, तर आतलं सांगतो. रागाला रीच आहे. 'मी काळी' म्हटलं की खाली शंभर शिव्या, त्यांना दोनशे उत्तरं, आणि अ‍ॅपला वाटतं वा, लोकांना आवडलं. मग कालवणाला व्ह्यूज येत नाहीत म्हणून मुलगी दर आठवड्याला नवीन दुखणं शोधायला लागेल. हे मी दोन-तीन जणांचं होताना जवळून पाहिलंय. चांगली पोरं, आता फक्त चिडलेली असतात.

दुसरं, हे सगळं अमेरिकेचं ठिगळ आहे. तिकडे काळे क्रिएटर वंशावर बोलतात कारण त्यांच्या मागे गुलामगिरी आहे. आपल्याकडे वंश वगैरे भानगड नाही. सावळी मुलगी सगळ्याच जातींत जन्मते.

आणि तिसरं, जे कोणीच विचारलं नाही: नवरीला विचारलं होतं का?

निळा_झेंडा_७२:
तिसरा प्रश्न चोख आहे. पहिलाही बराचसा. दुसऱ्यावर मात्र थांबा.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं. त्यामुळे तुमचं अर्धं वाक्य त्यांच्या बाजूचं आहे, अभिनंदन. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याच्या प्रती हव्या होत्या. इथल्या अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचं डोक्यात होतं. ब्लॅक पँथर १९६६ चे, मुंबईतले दलित पँथर १९७२ चे, नाव उघडउघड तिकडून घेतलेलं. मग २००१ मध्ये डरबनला वंशभेदविरोधी परिषद झाली, तिथे दलित संघटना म्हणाल्या जातीचाही विषय घ्या, आणि आपलं सरकार म्हणालं जात म्हणजे वंश नाही, घेऊ नका. एकच वाक्य कोण कशासाठी वापरतं ते बघा. बाबासाहेबांनी जात मोडायला वापरलं, डरबनला विषय टाळायला वापरलं.

अ‍ॅपचं म्हणाल तर १ जून २०२० ला टिकटॉकने काळ्या क्रिएटरांची माफी मागितली होती. ब्लॅक लाइव्हज मॅटरच्या हॅशटॅगवर व्ह्यूज शून्य दिसत होते, कंपनी म्हणाली तांत्रिक बिघाड. त्याच महिन्याच्या २९ तारखेला आपल्याकडे टिकटॉकच बंद झालं. कारण वेगळं होतं, पण चाळीतली, वाड्यावस्त्यांवरची किती पोरं तिथे नाचत-बोलत होती ती एका रात्रीत पुसली गेली. मी तेव्हा त्यांना हसायचो. माझं चुकलं.

आणि जाहिरातीवरून आठवलं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'कडे त्याची जाहिरात पाठवली होती. पैसे मोजायची तयारी होती. छापली नाही.

पाचपाखाडी_जुना:
आला इतिहास! विषय क्रीमचा होता.

महापे_शिफ्ट:
मग क्रीमवर बोलते, पोट त्यावरच आहे. मी एजन्सीत क्रिएटर आणि ब्रँड यांच्या मधली दलाली करते (घरी 'मार्केटिंग' सांगते). गोरेपणाच्या जाहिरातीत सावळ्या मुलीला दुःखी, नापास, बिनलग्नाची दाखवायचं नाही, असे नियम जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्कीने २०१४ मध्येच केलेत. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस मेला, त्यानंतर फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. तेव्हापासून आमच्या कागदांवर 'फेअर' शब्द शोधून सापडणार नाही. 'ग्लो' असतो, 'ब्राइट' असतो, 'आत्मविश्वास' असतो. सावळी मुलगी आता हवीच असते, फोटोला. बोलणारी नको असते. क्रिएटरांच्या यादीत एक रकाना असतो, 'ब्रँड-सेफ' आहे का. त्यात शिवी देणारा पोरगाही लाल आणि जातीवर शांतपणे बोलणारी मुलगीही लाल.

भाचीला एवढंच सांगा, 'जुने व्हिडिओ काढणे' लेखी आहे का बघ. फोनवर सांगितलं असेल तर मेलवर मागव. निम्म्या वेळा मेलवर लिहायची हिंमत होत नाही आणि अट आपोआप गळते.

काळा_कोट_ठाणे:
थोडक्यात. घाण कमेंट आल्या तर डिलीट करण्याआधी तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. अ‍ॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, आगरी ओबीसीत येतात, तो इथे लागणार नाही. समाजासमाजात द्वेष पसरवणारा मजकूर असेल तर न्याय संहितेचं कलम १९६ बघता येईल. आणि ज्यांना वाटतं नेटवर बोलणं फुकट असतं त्यांच्यासाठी: २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, एकीने तर फक्त लाइक केलं होतं. गाव पालघर, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. तेव्हा लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण अटक झाली ती झालीच.

वाडीतली:
खाडीवाला दादा, तुम्ही कुठल्या गावचे ते ओळखलं, नाव लिहीत नाही. मी त्याच गावच्या बौद्धवाड्यातली.

भाचीचे व्हिडिओ बघते मी. 'गारी'वाला तर माझ्या पोरीने दहा वेळा लावला. आम्हीपण 'पानी'च म्हणायचो, आमच्यावरपण वर्ग हसायचा. पण तिचा गावदेवीच्या जत्रेचा व्हिडिओ आहे बघा, पालखीचा. देऊळ, मारुती, तलाव, शाळा, परत देऊळ. वाडीच्या तोंडाशी पालखी वळते. तिथे ड्रोनचा शॉट आहे, वळण फार सुंदर दिसतं. ते वळण का आहे ते ती काही बोलली नाही. तिला माहीत नसेलही, म्हणून रागावले नाही.

लॉकडाऊनमध्ये मीपण व्हिडिओ टाकायचे, भीमगीतांवर. नाव खरं, आडनावासकट. खाली काय काय यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मिस्टरांच्या कंपनीत कोणीतरी लिंक फिरवली, डब्याच्या वेळी मोठ्याने लावली. मी बंद केलं. तुमच्या भाचीला कंपनी विचारते तरी, जुनं काढ म्हणून. मला काढायला कोणी सांगितलं नाही, मीच काढलं.

पाचपाखाडी_जुना:
हेच म्हणत होतो. बघा, आता आपापसात सुरू झालं.

कळवा_स्लो:
नाही हो, तुम्ही हे म्हणत नव्हतात.

पामबीच_सिंगल:
@वाडीतली, वाईट वाटलं वाचून. पण मग माझाच मुद्दा खरा ठरतो ना? आपण बोललात, भोगावं आपल्याला लागलं.

वाडीतली:
भोगायचं होतंच. व्हिडिओ नव्हता तेव्हापण होतं, तेव्हा निदान गाणं तरी नव्हतं.

खाडीवाला:
काल रात्री वाचलं, लगेच लिहिता आलं नाही.

@पामबीच_सिंगल, नवरीला विचारलं नव्हतं. पंधरा दिवस ती भाचीशी बोलत नव्हती. रील अजून आहे, कारण तिने काढ म्हटलं नाही. ठेव असंही म्हटलेलं नाही.

@वाडीतली, ताई, त्या पालखीला मी स्वतः १९९१ पासून खांदा लावलाय. वळताना आम्ही म्हणायचो तिकडचा रस्ता अरुंद आहे, पालखी जात नाही. रस्ता २००६ ला रुंद झाला. आम्ही वळतच राहिलो. कोणी ठरवून नाही, पाय आपोआप वळतात, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

भाचीला धागा वाचायला दिला. खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मामा, तो शॉट मीच निवडला होता. वळण चांगलं दिसत होतं म्हणून." क्रीमवाल्यांना मेल केलाय, अट लेखी द्या म्हणून, अजून उत्तर नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही.

वाडीतली:
दादा, २००६ नाही, २००४. आमच्या दाराची पायरी गेली त्यात, म्हणून लक्षात आहे.