मदत हवी आहे: डुबोइसी खात नाही, ठिपकेही जाताहेत

झिंगाट
घाईत लिहितोय. ट्रोफियस डुबोइसी माशाची सहा पिल्लं आणली आहेत. काळ्याभोर अंगावर पांढरे ठिपके, त्यासाठीच तर घेतली. आता एक फिल्टरच्या मागे जाऊन बसलंय, खाणं तोंडात घेतं आणि थुंकून टाकतं. दुसरं ठणठणीत आहे पण त्याचे ठिपके पुसट होत चाललेत. ही बुरशी का? औषध कोणतं टाकू तेवढं सांगा. पाणी स्वच्छ आहे, त्यावरून सुरू होऊ नका.

पाणकोंबडा
स्वच्छ म्हणजे आरपार दिसतं असं ना? अमोनिया, नायट्राइट ही विषं दिसत नाहीत. टाकी किती फुटी? पीएच किती? खायला काय देता? सोबत कोण आहे?

मीठभाकर
एवढ्या चौकश्या कशाला! मूठभर खडेमीठ टाका, हीटर दोन डिग्री वाढवा. माझ्या गप्पींचे निम्मे आजार यानेच गेले.

कालव
गप्पी आणि ट्रोफियसची तुलना? धन्य आहे. झिंगाट, शी कशी आहे ते बघा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय का?

झिंगाट
हो, पांढरी दोरी लोंबते. पोट किंचित फुगल्यासारखं वाटतं. टाकी दोन फुटी, पीएच ७ च्या आसपास, नायट्राइट तपासायचं किट नाही. खायला ब्लडवर्म (लाल अळ्या), सकाळ-संध्याकाळ, तुटून पडायचे त्यावर. सोबत दोन एंजल मासे आहेत, जुने, त्यांना काही झालेलं नाही. ड्रिफ्टवुड, म्हणजे शोभेचं लाकूड आहे. आता औषध सांगणार का?

कालव
मग हे ब्लोट, म्हणजे पोट फुगण्याचं दुखणं दिसतंय. ट्रोफियस टांगानिका सरोवरातल्या खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा, त्याचं आतडं लांबलचक. ब्लडवर्मसारखं प्रथिनांचं खाणं त्याला बाधतं. त्यात मारामारीचा ताण आला की दुखणं बळावतं. खाणं आजपासून बंद, दोन-तीन दिवस सगळ्यांचाच उपास. मग फक्त स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) फ्लेक्स, तेही चिमूटभर. आजारी पिल्लू वेगळ्या टाकीत काढा, त्याच पाण्यात. यावर मेट्रोनिडॅझोल हे औषध वापरतात, पण प्रमाण माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून घ्या. औषध टाकताना फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तोच औषध शोषून घेईल.

हळदीकुंकू
कदाचित तोंडात अंडी असतील? यांच्या माद्या पिल्लं तोंडातच वाढवतात. उगाच औषधं नका मारू बिचारीला!

कालव
पिल्लांना अंडी कुठून येणार? आणि अंडी धरलेल्या मादीची हनुवटी फुगते, पोट नाही.

खडकाळ
पीएच ७ वर हा मासा? टांगानिकाचं पाणी ९ च्या आसपास असतं. बेकिंग सोडा टाका, आजच.

पाणकोंबडा
आजच नको! पाण्यात अमोनिया असेल तर पीएच वर गेल्याबरोबर त्याचा विषारी भाग वाढतो. आधी किट आणा, पाणी बदला, मग फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवून हळूहळू चढवा. ते लाकूडही बाहेर काढा, त्याने पाणी उलट आम्लाकडे जातं.

झिंगाट
लाकूड काढलं तर एंजल लपणार कुठे? शेवटी दोन्ही सिक्लिड कुळातलेच ना.

खडकाळ
नावाला एकाच घरातले. एंजल ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला, डुबोइसी आफ्रिकेतल्या कठीण पाण्यातला. दोघांना एकत्र ठेवलं की एकाचे तरी हाल. पाण्याचं मनावर घ्या राव.

हळदीकुंकू
अवांतर: एंजलच्या जोडीने पानावर अंडी घातली आहेत आणि स्वतःच खाऊन टाकली. काय करू?

कालव
नवा धागा काढा.
झिंगाट, ठिपक्यांचं राहिलंच. ती बुरशी नाही. ठिपके पिल्लांचेच असतात. मोठे झाले की डोकं निळसर होतं आणि काळ्या अंगावर फिकट पट्टा उरतो. म्हणजे ते पिल्लू वयात येतंय, त्याला औषध देऊ नका. ठिपक्यांसाठीच घेतले असतील तर ते सगळ्यांचेच जाणार आहेत.

झिंगाट
दुकानदाराने हे सांगितलंच नाही!! मग पैसे कसले दिले? असो. आजारी पिल्लू बादलीत काढलंय, हवेचा दगड सोडलाय. ब्लडवर्म बंद.

खडकाळ
बादलीत हीटर आहे का? आणि दोन फुटी टाकीत सहाजण वाढले की एकमेकांचे कल्ले काढतील. निदान चार फुटी टाकी घ्या आणि बारा-पंधरांचा घोळका ठेवा, म्हणजे मार वाटला जातो.

मीठभाकर
सहा आधीच आजारी आणि हे म्हणतात पंधरा आणा! मीठ टाकायला सांगितलं तर हसता.

पाणकोंबडा
मीठभाकर, तुमच्या मिठाला सलाम. झिंगाट, ती दोरी पिल्लू बादलीत काढल्यावरही लोंबतेय का?

झिंगाट
हो. हीटर नाही, आत्ता आणायला निघतोय. नायट्राइटचं किट कुठल्या प्रकारचं घेऊ, पट्टीचं की थेंबांचं?

पाणकोंबडा
थेंबांचं. पट्ट्यांवर भरवसा नको. अमोनियाचंही घ्या.