होमरच्या फळ्यावरचे समीकरण खरे की खोटे?

रामबागेतले मास्तर:
नमस्कार. मी इंदूरला दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या १९९८ सालच्या एका भागात, एडिसनसारखे संशोधक होण्याच्या नादात मालिकेचा नायक होमर फळ्यावर असे लिहितो की ३९८७ आणि ४३६५ यांच्या बाराव्या घातांची बेरीज ४४७२ च्या बाराव्या घाताइतकी असते. फर्माच्या शेवटच्या प्रमेयानुसार (घात दोनपेक्षा मोठा असेल, तर दोन धन पूर्णांकांच्या घातांची बेरीज तिसऱ्या पूर्णांकाच्या त्याच घाताइतकी कधीच होत नाही) हे अशक्य आहे, आणि त्याची गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तरीही एका विद्यार्थ्याने कॅल्क्युलेटरवर दोन्ही बाजू काढून दाखवल्या, तर उत्तर एकच! ‘उद्या सांगतो’ म्हणून मी वेळ मारून नेली आहे.

राजवाड्यामागचा:
मास्तर, दोष कॅल्क्युलेटरच्या दहा अंकी पडद्याचा आहे. दोन्ही संख्या ४४ अंकी असून त्या अकराव्या अंकापाशी वेगळ्या होतात, पण पडद्यावर दोन्हींचे पूर्णांकन सारखेच होते. खोटेपणा मात्र कागदावरही पकडता येतो: ३९८७ च्या अंकांची बेरीज २७ आणि ४३६५ च्या अंकांची १८, म्हणजे डावी बाजू ३ ने विभाज्य आहे, ४४७२ च्या अंकांची बेरीज १७ येते, म्हणून उजवी बाजू विभाज्य नाही.

पोहे_जिलेबी:
असाच फसवा नमुना १९९५ च्या भागातही आहे, ज्यात होमर त्रिमितीय जगात जाऊन पडतो. तेथे १७८२ आणि १८४१ यांच्या बाराव्या घातांची बेरीज १९२२ च्या बाराव्या घाताइतकी दाखवली आहे. लेखक डेव्हिड कोहेन हे संगणकशास्त्राचे पदवीधर, त्यांनी अशा ‘जवळजवळ खऱ्या’ जोड्या शोधण्यासाठी चक्क प्रोग्रॅम लिहिला होता. पण ही जोडी तर आणखी लवकर उघडी पडते, कारण सम आणि विषम मिळून विषमच येणार आणि १९२२ चा घात सम. (पटकथेतल्या क्षणभराच्या गमतीसाठी एवढा खटाटोप करणारा लेखक मला तरी फार आवडतो.)

याच कोहेन यांच्या ‘फ्युचरामा’मध्ये बेंडर हा यंत्रमानव त्याला बनवणाऱ्या यंत्राचा १७२९ क्रमांकाचा मुलगा ठरतो. आजारी रामानुजनना भेटायला इंग्रज गणितज्ञ हार्डी ज्या टॅक्सीने गेले, तिचा हा क्रमांक; १ व १२ यांच्या घनांची बेरीज, तशीच ९ व १० यांच्या घनांचीही.

रामबागेतले मास्तर:
दोघांचेही आभार. उद्या कॅल्क्युलेटर दप्तरातच ठेवायला सांगून मुलांकडून आधी अंकांच्या बेरजा करून घेतो. १७२९ मात्र शनिवारसाठी राखून ठेवला आहे.